लव

डॉक्टर बिराजदारांनी टेप धरून दाखवलं:
मागच्या दारापासून कंपाउंडपर्यंत चौतीस फूट,
रुंदी एकोणीस, पाण्याची टाकी सोडून.
"गज्जम, इथं हिरवळ पाहिजे. पण पाणी न पिणारी.
गोल्फचा चेंडू भोकात ढकलायचा, बास, एवढंच."
जुळे सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी.
मी हो म्हणालो.
हल्ली मी कशालाही हो म्हणतो.

पहिले दोन दिवस नुसती खणाखणी.
वरची सहा इंच काळी माती काढली,
एप्रिलची, भेगाळलेली.
एका भेगेत चमचा सापडला, लहान मुलाचा, वाकलेला.
शेजारीण भिंतीवरून विचारत राहिली,
"बोअर मारताय का हो?"

मुरूम टाकला. त्यावर खडीचा कच.
धुम्मस फिरवला तेव्हा डॉक्टरांच्या कपाटातल्या
कपबश्या एकमेकींशी बोलू लागल्या.
मग नळीत पाणी भरून, एक टोक मी, एक टोक इरण्णा,
उतार शोधत बसलो.
डॉक्टरांना सपाट नको होतं.
"चेंडूला वाटलं पाहिजे सरळ आहे,
आणि नसलं पाहिजे."
इरण्णा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला.
डॉक्टरांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं. ते हसले.

सव्वाचार इंचाचं भोक, त्यात पांढरी वाटी.
वाटीच्या बुडाला अजून एक भोक:
पाऊस पडलाच, तर त्याला खाली जायला.

तिसऱ्या दिवशी गुंडाळी आली.
पाच जणांनी उतरवली, अंगणात उलगडली,
आणि माझा तळहात आपोआप तिच्यावरून फिरला.
एका अंगानं मऊ. उलटा फिरवला की टोचतं.
लव.
सत्तावीस वर्षं मी टॉवेलच्या मागावर होतो,
डोळे मिटून सांगायचो कुठला फास सुटलाय,
कुठल्या पट्टीत ताणा ढिला पडलाय.
माग किलोच्या भावानं भंगारात गेले.
हात कुणी तोलून घेतले नाहीत.

"लव घराकडे झुकवू की कंपाउंडकडे?"
डॉक्टर गोंधळले. हे त्यांच्या पुस्तिकेत नव्हतं.
"लवेसोबत चेंडू पळेल. विरुद्ध गेला तर दमेल."
त्यांनी जरा विचार केला, पेशंटसमोर करतात तसा.
"घराकडे येताना पळू दे."

जोड चिकटवला. वाळू ओतली,
खराट्यानं पात्यापात्याच्या मुळाशी बसवली,
जिथं मूळ नाही तिथं.

दुपारी दोनला पारा त्रेचाळीसवर.
डॉक्टर हौसेनं अनवाणी उतरले
आणि तव्यावर पडलेल्या थेंबासारखे परत उडाले.
मग बायकोनं आतून दोन बादल्या आणून ओतल्या.
पाणी न पिणारी हिरवळ गटागटा प्यायली.
शेजारीण बघत होती.
यावेळी तिनं काही विचारलं नाही.

संध्याकाळी म्हणाले, "तुम्हीपण मारा एक."
मी काठी झाडूसारखी धरली.
चेंडू निघाला, मला ठाऊक होतं तिथंच वळला,
वाटीच्या काठाभोवती फिरला, आणि थांबला बाहेरच.
"अरेरे," डॉक्टर म्हणाले.
तिथं अंगठ्याएवढं खाली बसलंय, मी सांगितलं नाही.
"एक पावसाळा जाऊ द्या," एवढंच बोललो.
काढली ती सहाच इंच. खाली काळीच आहे.
ती फुगते तेव्हा कुणाची लेव्हल विचारत नाही.

उरलेला तुकडा सायकलला बांधून घरी आणला.
पद्मा विड्या वळत होती, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, कात्री, पांढरा दोरा.
म्हटलं, "गवत आणलंय."
तिनं हिरव्या बाजूकडे पाहिलंसुद्धा नाही.
विणकराच्या लेकीसारखा तुकडा आधी पालथा केला,
नखानं पाठ खरवडली, टाके मोजले,
आणि तेलुगूत विचारलं,
"कोणी विणलं हे?"

मी चारही कडा तपासल्या.
नाव कुठंच नव्हतं.